इथेनॉल, ऊन आणि उडालेली डीपी

उजनीच्या काठावर, पळसदेवला, सात शेतकऱ्यांच्या पाण्याच्या सात मोटारींची ऑटो बटणं मी कुणालाही न विचारता चालू करून ठेवली आणि डीपी उडवली.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. माझा मित्र बाळासाहेब हा किस्सा बारामतीत ज्याला त्याला सांगत सुटलाय. त्याच्या सांगण्यात बटणं अकरा झाली आहेत, आणि मी हातात माइक घेऊन भाषण करत होतो असंही तो म्हणतो. माइक नव्हता. बाकीचं बहुतेक खरं आहे.

डीपी म्हणजे शेताच्या कडेला दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. पुण्यात आमच्या सोसायटीबाहेरही एक आहे म्हणे. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. पळसदेवला लोक घराबाहेर पडले की आधी डीपीकडे बघतात, मग आभाळाकडे.

विमा कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी विजेवरची गाडी घेतली, आणि गाडीबरोबर मला मतंही आली. देश ऊर्जेच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहायचा तर ऊन, ऊन आणि फक्त ऊन, या विषयावर मी सोसायटीत तीनदा बोललो. चौथ्या वेळी सभेला कोरम जमला नाही. तेव्हापासून मी फोनवरून बाळासाहेबाला धरलं. तो बारामतीजवळच्या पिंपळीचा, माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलातला खोलीमित्र, आता ऊस लावतो आणि कारखान्याचा सभासद आहे. त्याचं मत पक्कं : इथेनॉल. हिवाळाभर आम्ही फोनवर भांडलो. शिमगा झाल्यावर तो म्हणाला, "तू ये एकदा हिकडं. देशाचं तेल कुठं पिकतं ते तुला दाखवतो." मी म्हणालो, येतो, आणि पेट्रोलचा थेंब न जाळता येतो.

पिंपळी

पिंपळीला पोचलो तेव्हा वहिनींनी हुलग्याची शेंगोळी केली होती. लसणाचा ठसका, वर कच्चं तेल. पुण्यात हल्ली शेंगोळी हॉटेलात मिळते, चिनीमातीच्या वाटीत, सात-आठ तुकडे. इथं परातीतून वाढली. पहिला घास घशाखाली जायच्या आत बाळासाहेबानं सुरुवात केली.

"बाहेरनं तेल आणायचं, आणि ज्याच्याकडनं आणायचं त्यानं डोळं वटारलं की गप बसायचं. किती दिवस? माझ्या रानातला ऊस पेट्रोलात चाललाय. ह्याला म्हणायचं स्वावलंबन."

"आणि त्या उसाला पाणी किती लागतं?"

"तुज्या पॅनेलाला लागत न्हाय व्हय? धुळीनं माखलं की धुतोस कशानं, थुंकीनं?"

"अहो, जेवू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"ऊन फुकट आहे," मी म्हणालो.

"ऊन फुकट हाय, पॅनेल कुठनं येतंय? त्ये पण बाहेरनंच. तेलवाल्याची गुलामी सोडायची आणि काचवाल्याची धरायची."

हा मुद्दा मला फोनवर त्यानं कधी सांगितला नव्हता. मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. शेजारचं कुत्रं दारात येऊन उभं राहिलं. शेवटी ठरलं असं की दुसऱ्या दिवशी लासुर्ण्यावरून पळसदेवला जायचं. तिथं बाळासाहेबाच्या वर्गमित्राची बायको, वैशालीताई, मासे पाळते. घरावर सोलर आहे, दारात गोबरगॅस आहे, जवळ धरण आहे. म्हणजे सगळं बघितलेली बाई. तिनं निकाल द्यायचा.

सकाळी निघताना बाळासाहेब म्हणाला, "बारामतीत चार्जिंग हाय, भरून घे."

"पळसदेव इथं तर आहे," मी म्हणालो. त्याच्यासमोर चार्जरला रांग लावणं मला कमीपणाचं वाटत होतं.

लासुर्णे

लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गाळप संपत आलं की सगळ्यांनाच घाई होते. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेले उसाचे शेंडे, आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास. आम्ही रसाच्या गाड्यापाशी थांबलो. बाळासाहेब लांबच्या धुराड्याकडे बोट करून मला समजावत होता, की चिपाडं जाळून कारखाना आपली वीज आपण करतो, वर उरलेली विकतो.

"आणि गाळप संपल्यावर?" मी विचारलं. "मग सात महिने काय जाळता? सभासद?"

हे मी जरा मोठ्यानं बोललो. रस पीत उभे असलेले चार-पाच जण वळले. एक जाडजूड ट्रॅक्टरवाला ग्लास खाली ठेवून म्हणाला, "कुठलं पावनं?"

"पुण्याचे," बाळासाहेब घाईनं म्हणाला.

"पुन्याला साकर कुठनं जाती? झाडावर लागती का?"

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "साखरेबद्दल नाही, मी ऊर्जेबद्दल बोलतोय. ऊस हा देशाचा आळशी नवस आहे."

आळशी नवस म्हणजे काय, हे मला आजही सांगता येणार नाही. सोसायटीत या वाक्याला एकानं टाळी दिली होती. इथं ट्रॅक्टरवाला दोन पावलं पुढं आला. त्याची बायको ट्रॉलीच्या सावलीत बसली होती, ती तिथूनच ओरडली, "अवो, गाडी फुडं गेली! नंबर जाईल!" रांग सरकली म्हणून मी वाचलो. नाहीतर ऊर्जेचा प्रश्न तिथंच, माझ्या अंगावर सुटला असता.

 गाडीत बसल्यावर बाळासाहेबानं इंदापूरपर्यंत एसी पूर्ण वाढवून ठेवला. मी कमी केला की तो पुन्हा वाढवायचा. समोर चार्जिंगचा आकडा उतरताना आम्ही दोघं बघत होतो. बंद कर म्हणायला मला लाज वाटत होती, आणि करतो म्हणायला त्याला. इंदापूर सोडलं तेव्हा आकडा लाल झाला.

पळसदेव

पळसदेवला पाणी बरंच ओसरलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर आणि खालचा थोडा भाग उघडा पडला होता, आणि कोरड्या पडलेल्या गाळात लोकांनी कलिंगडं लावली होती. काठाला एक लांबट पत्र्याची शेड होती. तिच्यात ओळीनं सात मोटारींच्या पेट्या. धरणातलं पाणी उचलून वरच्या रानांना नेणाऱ्या त्या मोटारी.

वैशालीताईंचं घर शेडपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी मासे, दुपारनंतर इंदापुरात औषधांचं दुकान. बाळासाहेबानं "जय भीम, ताई" म्हटलं, त्यांनी हसून "जय भीम, या" म्हटलं, आणि सासूबाईंना चहा टाकायला सांगितलं. सासूबाईंना सगळे मावशी म्हणत. घरामागे ताडपत्रीच्या चार गोल टाक्या होत्या, प्रत्येकीत चिलापी मासे दाटीवाटीनं. हवेचा एक पंप अखंड घुमत होता आणि टाक्यांमधून बुडबुडे येत होते.

"हा पहिलाच लॉट," वैशालीताई म्हणाल्या. "आज संध्याकाळी भिगवणची गाडी येते न्यायला. जिवंत मासा पाहिजे त्यांना. मेलेला घेत नाहीत."

"निम्मं गाव म्हणतंय, बाईनं गोळ्या इकाव्यात, मासं काय पाळती," मावशी चुलीपाशून म्हणाल्या. "आज गाडी भरून गेली की त्यांची तोंडं बंद."

बाळासाहेबानं आमचं भांडण त्यांच्यापुढं ठेवलं. ऊस की ऊन? वैशालीताईंनी दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. "मला लाईट पाहिजे," त्या म्हणाल्या. "पंप थांबला की पाऊण तासात मासा पालथा पडतो. लाईट कुठनं आणायची ते तुम्ही दोघं ठरवा, पण थांबू देऊ नका."

मी लगेच म्हणालो, "तुमच्या छपरावर तर सोलर आहे! झालं की मग." आणि बाळासाहेबाकडे असं पाहिलं, की खटला संपला.

आता माझी गाडी. घरातल्या सॉकेटला लावली तर विजेचा दाब कमी म्हणून ती घ्यायलाच तयार नव्हती. मावशी म्हणाल्या, शेडमध्ये मोटारींची थ्री फेज वीज आली की दाब चांगला असतो, तिथं लावा. ही वीज शेतीला पाळीनंच मिळते, आणि या आठवड्यात पाळी दिवसा होती. शेडच्या सावलीत आबा बसले होते, पांढरा पटका, हातात काठी. सातही मोटारींचा कारभार त्यांच्याकडे. थ्री फेज आली की शेडमधला दिवा लागतो. मग वरच्या रानातल्या मालकाला कळावं म्हणून आबा काठीनं पत्र्यावर टोला हाणतात आणि पहिली मोटर सुरू करतात. तिचा आवाज स्थिर झाला की दुसरा टोला, दुसरी मोटर. असं सातव्यापर्यंत. कितीतरी वर्षं हा नेम आहे म्हणे, आणि त्यावरून काठावर एकदाही भांडण झालेलं नाही.

"दिवा लागला की म्या सांगतो, मग लावा गाडी," आबा म्हणाले. "भाकर खाऊन येतो." आणि गेले.

मी एकटा उरलो. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मी पेट्या बघत फिरलो. प्रत्येक पेटीत ऑटोचं बटण होतं. ते चालू असलं की वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. सातही बटणं बंद होती. मला वाटलं, सोय हाताशी असून हे लोक वापरत नाहीत, आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात काठी आपटत बसावं लागतं. माझ्या भाषणात 'आपोआप चालणाऱ्या यंत्रणांचे फायदे' असा एक भाग आहे. त्याच भाषणात पाचव्या मिनिटाला मी असंही सांगतो, की मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते. हे दोन्ही भाग मी इतक्या वेळा बोललोय, पण ते एकाच भाषणात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मी सातही बटणं चालू केली. गाडीची वायरही खोचून ठेवली. आबा परत आल्यावर त्यांना कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत बसलो.

दिवा लागला. सात मोटारी एकदम हुंकारल्या. त्यांच्या आवाजात वेग आलाच नाही, त्या नुसत्या रडल्यासारख्या घुमत राहिल्या. मग डीपीकडून कानठळ्या बसवणारा आवाज आला, निळा जाळ खांबावरून खाली उतरला, आणि सगळं शांत झालं. इतकं शांत, की सकाळपासून कानात असलेली हवेच्या पंपाची घुमघुम थांबल्याचं मला लगेच कळलं.

सगळ्यात आधी वैशालीताई बाहेर आल्या. त्यांनी डीपीकडे पाहिलं नाही, त्या टाक्यांकडे पळाल्या. मागून आबा आले. त्यांच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. त्यांनी पेट्या पाहिल्या, माझी वायर पाहिली, मला पाहिलं. भाकरी पटक्यात खोचली.

"ऑटो कुनी टाकलं?"

"मी."

"समदी?"

"सगळी."

आबांनी एकेक करून सातही बटणं बंद केली. 

वायरमनला फोन लागला. तो दुसऱ्या गावात खांबावर होता. फ्यूज गेलाय, वायर जळाली असंल, दुपार कलल्यावर येतो म्हणाला. पाऊण तास आणि दुपार कलणं, यांच्यामध्ये सगळे मासे होते.

"सोलर!" मी ओरडलो. "छपरावरचं सोलर!"

"लाईन गेली की ते बी बंद पडतं," वैशालीताई म्हणाल्या. "लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. आपोआप बंद होतं."

आपोआप. भर दुपारी, डोक्यावर सगळं ऊन असताना, निळी पॅनेलं चकाकत होती आणि त्यांच्यातून काही येत नव्हतं.

"तुझा सूर्य बी वायरमनची वाट बघतोय," बाळासाहेब म्हणाला. पण तो हसला नाही.

घरातल्या इन्व्हर्टरवर पंप लावून पाहिला. तो दोन वेळा घरघरला आणि बसला. जनरेटर होता, तो दुरुस्तीला इंदापुरात पडलेला. गोबरगॅसवर मावशींचा चहा होत होता, तेवढीच त्याची ताकद. "तुज्या गाडीत एवढी मोठी बॅटरी हाय," बाळासाहेब म्हणाला, "ती काढ की बाहेर!" मी म्हणालो, बाहेर वीज द्यायची सोय वरच्या मॉडेलात होती, मी खालचं घेतलं. "म्हंजी नुसती घेती, देत न्हाय. तुज्यासारखी."

आणि मासे वर आले. आधी एकेक, मग सगळेच. हजारो तोंडं पाण्याच्या वर, उघडमीट, उघडमीट. आवाज काहीच नाही.

"बादल्या!" वैशालीताईंनी एवढंच म्हटलं.

पाणी वरून ओतलं की त्यात हवा मिसळते. बादली बुडवायची, डोक्याएवढी उचलायची, परत त्याच टाकीत ओतायची, आणि थांबायचं नाही. ज्यांच्या मोटारी मी बंद पाडल्या होत्या तेही धावत आले. एकानं माझ्याकडे बघून शिवी दिली आणि दुसरी बादली माझ्या हातात कोंबली. प्रत्येक टाकीला तीन-चार माणसं. बाळासाहेब आणि मी चौथ्या टाकीवर, समोरासमोर.

"हे बघ," तो धापा टाकत म्हणाला, "देशाचं स्वावलंबन."

"बोलू नकोस. ओत."

"तूच बोलतोस रोज! इथेनॉल असतं..."

"इथेनॉल कुठंय? आण की! ओत म्हटलं ना!"

"ए, दोघं बी गप ऱ्हावा!" मावशी पलीकडच्या टाकीवरून ओरडल्या. त्या साडीचा काचा मारून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि आमच्या दुप्पट बादल्या ओतत होत्या.

माझे हात खांद्यातून सुटल्यासारखे झाले. माझी बादली डोक्याएवढी जाईना, मग छातीएवढी जाईना. मी नुसता पाणी ढवळत होतो. आमच्याच टाकीत पहिला मासा पालथा झाला. पांढरं पोट वर. मग त्याच्या बाजूचा. वैशालीताई आमच्याकडे बघत होत्या, पण त्या स्वतःची टाकी सोडू शकत नव्हत्या. त्यांचा चेहरा मला अजून विसरता आलेला नाही. 

आबांना मात्र एक आठवलं. गावात बँजोवाल्यांची गाडी उभी होती, लग्नाची सुपारी घेऊन निघालेली, आणि तिच्यावर डिझेलचा जनरेटर होता. आबा म्हातारे असून स्वतः गेले, आणि बँजोवाल्याच्या शेजारी बसून, काठी टपावर आपटत आले. वायर जोडली. जनरेटर धडधडला. आणि बँजोवाल्यानं गडबडीत दुसराही खटका ओढल्यामुळे गाडीवरचे कर्णे चालू झाले. वरातीचं गाणं सगळ्या धरणावर घुमलं. कुणी ते बंद केलं नाही. कुणाला वेळच नव्हता. पंप घुमला, बुडबुडे आले, आणि हळूहळू ती तोंडं खाली गेली.

तीन टाक्या वाचल्या. चौथी, आमची, गेली.

ज्याच्या विरुद्ध आम्ही दोघांनी हिवाळाभर फोन झिजवले होते, त्या बाहेरून आणलेल्या तेलाचा काळा धूर आमच्या डोक्यावर तरंगत होता. बाळासाहेब बादलीवर बसून त्याच्याकडे बघत होता. "ह्ये पुण्यात सांगू नको," तो म्हणाला. मी म्हणालो, तू बारामतीत सांगू नकोस. त्यानं मान हलवली. त्याचं पुढं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

वायरमन उन्हं कलल्यावर आला. भिगवणची गाडीही आली, तीन टाक्यांचे मासे घेऊन गेली. वैशालीताईंनी चौथ्या टाकीवर ताडपत्री ओढून घेतली. "पुढच्या वेळी दोन पंप ठेवीन," त्या म्हणाल्या, "आणि जनरेटर घरीच." भरून द्यायचं म्हणून मी काही बोलायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आधी जेवा."

मावशींनी चिलापीचं कालवण केलं होतं, आणि तळलेल्या तुकड्यांनी ताट भरलं होतं. मी मासे आवडीनं खातो. त्या दिवशी पहिला घास तोंडातच फिरत राहिला. मी ताट जरा सरकवलं. मावशींनी ते परत माझ्यापुढं ढकललं. "तुमीच मारल्यात. आता तुमीच खावा. टाकायचं न्हाय."

मी सगळं खाल्लं. कालवण उत्तम होतं, हे सांगणं इथं बरं दिसत नाही, पण होतं.

गाडी तिथं चार्ज करायचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जर आहे, तिथवर बँजोची गाडी मला दोरीनं ओढून नेणार होती. कंपनीच्या पुस्तकात, असं ओढू नये, असं लिहिलेलं आहे. ते मी कुणाला सांगितलं नाही. दोरी बांधेपर्यंत मी शेडपाशी उभा होतो, पेट्यांपासून बराच लांब. दिवा लागलेला होता. आबांनी पत्र्यावर पहिला टोला हाणला. एक मोटर सुरू झाली, तिचा आवाज स्थिर झाला. दुसरा टोला. दुसरी मोटर. खालच्या पाइपांमधून पाणी वर चढल्याचा आवाज येत होता.

सातवी मोटर सुरू झाल्यावर मी जवळ गेलो. माफी मागून झाली होती, पुन्हा मागितली. मग राहवलं नाही. "आबा," मी म्हणालो, "मी यावर लिहिणार आहे. तुम्हाला काय वाटतं, देशानं कशाच्या जोरावर उभं राहावं? ऊस, ऊन, काय?"

आबांनी पटक्यातली अर्धी भाकरी काढली, झटकली, आणि खायला बसले.

"देशाचं बगतील बगणारं," ते म्हणाले. "तुमी फकस्त दुसऱ्याच्या बटनाला हात लावू नका."